सोळा पेनी आणि सहा पेनी : मध्ययुगीन इंग्लंडमधली परक्यांवरची पट्टी

१४४० साली इंग्लंडमध्ये एक नवी पट्टी सुरू झाली. ती जमिनीवर नव्हती, गुरांवर नव्हती की मालावर नव्हती. माणूस राजाच्या राज्याबाहेर जन्मलेला आहे, एवढ्याच कारणावरून ती त्याच्याकडून घेतली जाई. स्वतःचं घर चालवणाऱ्या परक्याने वर्षाला १६ पेनी भरायचे आणि दुसऱ्याच्या घरी राहून चाकरी करणाऱ्याने ६ पेनी. त्या काळी कसबी गवंड्याची दिवसाची मजुरी साधारण ६ पेनी होती, बिगारी मजुराची ४. म्हणजे घर चालवणाऱ्यावर मजुराच्या चार दिवसांच्या कमाईएवढा बोजा आणि नोकरावर दीड दिवसाचा.

रक्कम फार मोठी नव्हती. खरं वेगळेपण वसुलीच्या पद्धतीत होतं. इंग्रज प्रजेवरचा नेहमीचा कर १३३४ पासून गावावर ठरलेल्या आकड्याने घेतला जाई. अमुक गावाने अमुक रक्कम द्यायची, मग कोणी किती भरायचं ते गावाने आपसांत ठरवावं. राजाच्या खजिन्याला माणसांची नावं लागत नसत. माणशी कर लावायचा प्रयोग १३७७ ते १३८१ या काळात तीनदा झाला आणि तिसऱ्या खेपेला त्यातून थेट उठाव पेटला. त्यानंतर आपल्याच लोकांची नावनिशीवार मोजदाद करायला कोणी धजावलं नाही. परक्यांची मात्र करता आली, कारण त्यांच्या बाजूने बोलणारं पार्लमेंटमध्ये कोणी नव्हतं.

वेळही तशीच होती. राजा सहावा हेन्री फ्रान्सशी युद्धात अडकलेला, तिजोरी रिकामी. १४३५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक इंग्लंडची बाजू सोडून फ्रान्सला मिळाला आणि १४३६ मध्ये त्याने इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले या फ्रेंच किनाऱ्यावरच्या बंदराला वेढा घातला. फ्लँडर्स, ब्राबंट, हॉलंड (आजचा बेल्जियम-नेदरलँड्सचा भाग) इथून इंग्लंडमध्ये आलेले विणकर, चांभार, सोनार असे हजारो कारागीर बर्गंडीच्याच मुलखातले. एका रात्रीत ते शत्रूची माणसं ठरले. त्यांतल्या १,८०० हून अधिक जणांनी राजनिष्ठेची शपथ घेऊन संरक्षणपत्रं मिळवली. शपथ घेणाऱ्यांचं नाव, गाव, मूळ प्रदेश हे सगळं तेव्हाच नोंदलं गेलं. चार वर्षांनी पट्टी आली, तेव्हा परक्यांना नावाने नोंदता येतं हे कारभाऱ्यांना ठाऊक होतं.

परका म्हणजे नेमका कोण?

इथे आजच्या वाचकाचा हमखास गोंधळ होतो, कारण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये परकेपणा दोन पातळ्यांवर मोजला जाई. पहिली पातळी शहराची. लंडन, यॉर्क, नॉरिच अशा शहरांत ज्याला शहराचा हक्कदार नागरिक म्हणून नोंदवलेलं नाही, तो त्या शहरापुरता उपरा. तो दहा मैलांवरच्या खेड्यातला अस्सल इंग्रज असला तरी त्याला शहरात दुकान थाटता येत नसे आणि किरकोळ विक्री करता येत नसे. त्याला शहराचे टोलही भरावे लागत. दुसरी पातळी राज्याची. जो राजाच्या आधिपत्याबाहेर जन्मला, तो राज्यापुरता परका. १४४० ची पट्टी फक्त या दुसऱ्या लोकांवर होती.

जन्म कुठे झाला हा निकष साधा दिसतो, पण अंमल करताना त्याला फाटे फुटले. वेल्समध्ये जन्मलेल्यांना सूट होती. परदेशातून येऊन इंग्रज किंवा वेल्श माणसाशी लग्न केलेल्या बायकांना सूट, मठांतल्या साधूंना सूट, १२ वर्षांखालच्या मुलांना सूट. ज्यांनी राजाकडून रहिवासाची सनद विकत घेतली होती, तेही सुटले. इंग्लंडमध्ये जन्मलेलं परक्याचं मूल राजाची प्रजाच मानलं जाई, त्यामुळे त्याचा प्रश्न येत नव्हता. पण आयरिश लोकांचं काय? आयर्लंडचा धनी इंग्लंडचाच राजा, म्हणजे कायद्याने ते परके नव्हेत. तरीही पहिल्या फेरीत त्यांच्याकडून पट्टी घेतली गेली. १४४२ मध्ये पट्टीची मुदत वाढवताना आयर्लंड आणि चॅनल बेटांतल्या लोकांना वगळावं लागलं. परक्या नवऱ्याच्या परक्या बायकोबद्दल तर जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी रीत दिसते: कुठे तिचं नाव यादीत आहे, कुठे नाही.

यादी कशी बनायची

काम दोन टप्प्यांत चाले. पहिला टप्पा मोजणीचा. जिल्ह्यात हे काम ‘जस्टिस ऑफ द पीस’ या स्थानिक न्यायाधीशांकडे असे, मोठ्या शहरांत महापौर आणि बेलिफ नावाचे शहराचे अधिकारी यांच्याकडे. ते प्रत्येक भागातून काही रहिवाशांची ज्युरी बोलवत आणि शपथेवर विचारत: तुमच्या हद्दीत राज्याबाहेर जन्मलेलं कोण आहे? त्याचं स्वतःचं घर आहे, की तो कोणाकडे राहतो? ज्युरी नावं सांगे, कारकून ती चर्मपत्रावर उतरवून घेई. दोन सदरं: घर चालवणारे आणि न चालवणारे. बऱ्याच ठिकाणी नोकराच्या नावापुढे मालकाचं नावही आहे.

ही यादी वेस्टमिन्स्टरला एक्स्चेकरमध्ये, म्हणजे राजाच्या हिशेबखान्यात जाई. दुसरा टप्पा वसुलीचा. एक्स्चेकर यादी वसूलदारांच्या हाती देई आणि यादीतल्या प्रत्येक नावाचा जाब त्यांनाच द्यावा लागे. ठरलेला आकडा वर्षाच्या दोन हप्त्यांत गोळा करायचा, आणि जो मिळाला नाही त्याचं कारण शपथेवर सांगायचं. माणूस मेला. माणूस जिल्हा सोडून गेला. त्याच्याकडे जप्त करण्यासारखं काही नाही. कारण ग्राह्य धरलं तर तेवढी रक्कम माफ होई, नाहीतर ती वसूलदाराच्या डोक्यावर राही.

मोजणी आणि वसुली यांच्यामध्ये काही महिने जात आणि पट्टी इथेच गळायला लागे. घर असलेला चांभार कुठे पळत नाही. त्याचं दुकान, हत्यारं, भांडीकुंडी जप्त करता येतात. पण सहा पेनीवाला नोकर एका हंगामापुरता असतो आणि मजुरी जिथे जास्त तिथे जातो. सहा पेनीसाठी शेजारच्या जिल्ह्यात त्याचा माग काढणं वसूलदाराला परवडत नसे. शिवाय ज्युरीतले लोक त्याच गावातले. ज्याच्याकडून ते जोडे शिवून घेत, ज्याला शेतावर राबवत, त्याचं नाव पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षी सांगायची तेवढी घाई केली नाही. म्हणून पहिल्या मोजणीनंतर नावांची संख्या झपाट्याने घसरली.

नावांचीही एक अडचण होती. इंग्रज कारकुनाला फ्लेमिश (फ्लँडर्सचं) किंवा ब्रेटन (फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीचं) नाव लिहिता येत नसे. मग ‘योहानेस’चा जॉन होई आणि आडनावाच्या जागी ‘डचमन’, ‘फ्रेंचमन’ किंवा ‘स्कॉट’ असं काहीतरी बसे. एकाच शहरात तीन-तीन ‘जॉन डचमन’ सापडतात आणि ते एकच की तिघे, हे मालकाच्या नावाशिवाय कळत नाही.

दर वाढत गेले तेव्हा

सुरुवातीला ही पट्टी सगळ्यांना सारखी होती: कोट्यधीश इटालियन व्यापारी आणि फ्लेमिश चांभार दोघांनाही १६ पेनी. पार्लमेंटला हे लवकरच खटकलं. १४४९ मध्ये परक्या व्यापाऱ्यांवर वेगळा दर आला, व्यापाऱ्याला ६ शिलिंग ८ पेनी आणि त्याच्या कारकुनाला २० पेनी. १४५३ मध्ये घर असलेल्या परक्या व्यापाऱ्यावर ४० शिलिंग बसले. ज्याचं घर नाही पण जो सहा आठवड्यांपेक्षा जास्त राहतो, त्याच्यावर २० शिलिंग. कारागीर आणि नोकर यांचे दर मात्र तेव्हाही तेच राहिले.

त्यांची पाळी १४८३ मध्ये आली. घर चालवणाऱ्याला ६ शिलिंग ८ पेनी, नोकराला २ शिलिंग. हिशेब करून पाहू. १२ पेनीचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. लंडनमधल्या फ्लेमिश चांभाराकडे दोन फ्लेमिश कारागीर कामाला आहेत असं धरलं, तर १४४० च्या दराने त्या घरातून १६ + ६ + ६ म्हणजे २८ पेनी जात. १४८३ च्या दराने ८० + २४ + २४ म्हणजे १२८ पेनी. साडेचार पटींहून जास्त.

त्याच कायद्यात आणखी एक सदर आहे: बिअर गाळणारा परका, २० शिलिंग. इंग्रज पूर्वी हॉप्सशिवायची, म्हणजे त्या नावाच्या वेलीची कडू फुलं न घातलेली, एल नावाची बिअर पीत. हॉप्स घातलेली, जास्त टिकणारी बिअर नेदरलँड्सच्या लोकांनी आणली आणि लंडनच्या आसपास हा धंदा त्यांच्या हातात राहिला. धंदा तेजीत आहे हे पार्लमेंटला दिसलं, म्हणून त्याच्यासाठी खास दर. दुसऱ्या टोकाला हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांना, स्पॅनिश आणि ब्रेटन व्यापाऱ्यांना या पट्टीतून सूट होती. ती करारांतून आलेली होती. माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली इथे आहे. परकेपणा जन्माने ठरत होता, पण त्याची किंमत काय हे राजाला तुमची गरज किती आणि तुमच्या पाठीशी कोण, यावर ठरत होतं.

मोठा पैसा बंदरात

माणशी पट्टीतून राजाला चिल्लर मिळे. खरी कमाई जकातीची होती, आणि तिथे परक्यांचा वेगळा दर १३०३ पासून होता. त्या वर्षी पहिल्या एडवर्डने परदेशी व्यापाऱ्यांना एक सनद दिली, ‘कार्टा मर्केटोरिया’. हा सरळ सौदा होता. व्यापाऱ्यांनी जादा जकात कबूल केली. लोकरीच्या एका पोत्यावर, म्हणजे ३६४ पौंड वजनावर, १२७५ पासून सर्वांनाच ६ शिलिंग ८ पेनी जकात होती. परक्यांनी त्यावर आणखी ३ शिलिंग ४ पेनी देऊ केले, म्हणजे एकूण १० शिलिंग. वाइनच्या मोठ्या पिंपावर २ शिलिंग. कापडाच्या ताग्यावर रंगानुसार १ ते २ शिलिंग. किरमिजी किड्यापासून काढलेल्या महाग लाल रंगाच्या कापडाला सर्वांत जास्त. ज्या मालाला वेगळा दर नाही, त्यावर पौंडामागे ३ पेनी.

बदल्यात राजाने काय दिलं? तटबंदी, पूल आणि रस्ता यांच्या स्थानिक टोलांतून मुक्ती. राज्यात कुठेही घाऊक विक्री करायची मुभा. राजाचे अधिकारी मनमानी किमतीला माल उचलून नेत, त्यापासून संरक्षण. तंट्यांचा झटपट निकाल, आणि ज्युरीत निम्मे परदेशी. हा सौदा व्यापाऱ्यांना इतका बरा वाटला की राजाने इंग्रज व्यापाऱ्यांनाही तो देऊ केला. जून १३०३ मध्ये शहरांचे प्रतिनिधी यॉर्कला जमले आणि त्यांनी साफ नकार दिला. जादा जकात नको, त्या बदल्यातल्या सवलतीही नकोत. १३११ मध्ये सरदारांनी राजाला ही नवी जकात थांबवायला लावली. १३२२ पासून ती पुन्हा सुरू झाली.

१३४७ मध्ये कापडाच्या निर्यातीवर आणखी जकात बसली आणि एक विलक्षण आकडेवारी तयार झाली. साध्या रंगाच्या, सुमारे २४ यार्डांच्या एका ताग्यावर इंग्रज व्यापाऱ्याला १४ पेनी. परक्याला १३०३ चे १२ आणि नवे २१ मिळून ३३ पेनी. आणि हान्साच्या जर्मनांना फक्त १२ पेनी! त्यांनी १३०३ ची सनद पुढे केली: आम्ही १२ पेनी कबूल केले होते, त्यापेक्षा जास्त देणार नाही. बाल्टिकमधलं लाकूड, डांबर, मेण आणि धान्य त्यांच्या जहाजांतून येई, आणि गरज पडली तर ते व्यापार बंद पाडू शकत. त्यांचं म्हणणं टिकलं. लंडनमध्ये थेम्सकाठी स्टीलयार्ड नावाच्या त्यांच्या आवारातून निघालेला कापडाचा तागा इंग्रजाच्या ताग्यापेक्षा स्वस्तात देशाबाहेर जाई. शहराच्या बिशप्सगेट या वेशीच्या डागडुजीचा आणि पहाऱ्याचा वाटा ते उचलत, हे खरं. पण लंडनच्या व्यापाऱ्यांचा राग त्याने शमत नव्हता.

एकाच मालावर तीन दर असले की चोरवाट निघणारच. परका व्यापारी आपला माल इंग्रज मित्राच्या नावाने कस्टम्सच्या वहीत टाके आणि वाचलेल्या जकातीतला वाटा त्याला देई. हे रोखायला बंदरात वसूलदार आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा कंट्रोलर अशा दोघांनी वेगवेगळ्या वह्या ठेवायच्या आणि एक्स्चेकरमध्ये त्या ताडून पाहायच्या, अशी रीत होती. पण वही माल मोजते, मालाचा खरा धनी कोण हे तिला दिसत नाही. तो धागा बहुतेक वेळा कोणी चुगली केली तरच सुटे, आणि मग माल जप्त.

सनद घेऊन इंग्रज होणं

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून परक्याला एक मार्ग खुला झाला. राजाकडून रहिवासाची सनद घ्यायची. तिने काय मिळे? सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जमीन. परका माणूस कपडे, भांडी, माल, रोकड यांचा मालक होऊ शके, राहायला घर भाड्याने घेऊ शके, पण इंग्लंडमध्ये जमीन वारशाने घेऊ शकत नसे आणि जमिनीसाठी राजाच्या न्यायालयात दावा लावू शकत नसे. सनदेने ही अडचण दूर होई आणि माणशी पट्टीही चुके. सनद घेणाऱ्याला राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि शुल्क भरावं लागे. ते शुल्क चांभाराच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून सनदा घेणारे बहुतेक व्यापारी, सुखवस्तू कारागीर आणि पाद्री.

जकातीच्या बाबतीत मात्र राजाने हात आखडता घेतला. सनद घेतलेला इटालियन आपल्या भावाबंदांचा माल स्वतःच्या नावावर काढेल ही भीती होती. त्यामुळे अनेक सनदांत ‘जकात परक्याच्याच दराने’ असं कलम घातलं जाई, आणि १४८५ मध्ये सातव्या हेन्रीच्या पहिल्याच पार्लमेंटने ते कायदा करून सर्वांना लागू केलं.

यजमानाची नजर

पट्टी मंजूर करणाऱ्या १४३९-४० च्या पार्लमेंटनेच परदेशी व्यापाऱ्यांवर यजमान नेमायचा कायदा केला. व्यापारी बंदरात उतरला की महापौराने त्याला एक इंग्रज यजमान नेमून द्यायचा. व्यापाऱ्याचा माल कोणता, तो कोणाला आणि किती किमतीला विकला, त्या पैशांतून त्याने कोणता इंग्रज माल घेतला, हे सगळं यजमानाने वहीत लिहायचं आणि वर्षातून दोनदा एक्स्चेकरला कळवायचं. आणलेला माल आठ महिन्यांत विकायचा. पैसा इंग्लंडबाहेर जाऊ न देता त्याचा इंग्रज माल घ्यायला लावणं, हा यामागचा हेतू. यजमानाला मेहनताना म्हणून मालाच्या किमतीवर पौंडामागे २ पेनी मिळत, म्हणजे १०० पौंडांच्या मालावर २०० पेनी, १६ शिलिंग ८ पेनी. हान्सावाले यातूनही सुटले.

व्यवस्था काही वर्षांतच ढिली पडली. यजमान स्वतः व्यापारी असे आणि पाहुण्याशीच त्याचा धंदा चाले, म्हणून वहीत दोघांना सोयीचं तेवढंच उतरे. तरी ज्या थोड्या वह्या उरल्या त्यांच्यातून एकेका इटालियनाने कोणाकडून किती कापड घेतलं हे तपशिलाने कळतं.

न्यायालयात आणि रस्त्यावर

कायद्याने परक्याला जे मिळालं, ते कमी नव्हतं. १२१५ च्या मॅग्ना कार्टातच व्यापाऱ्यांना सुरक्षित ये-जा करू देण्याचं कलम आहे. युद्ध पेटलं तर शत्रूदेशाचे व्यापारी अडकवून ठेवायचे, पण तिकडे आपल्या व्यापाऱ्यांना कसं वागवलं जातं ते पाहून. १३५३ च्या कायद्याने युद्ध जाहीर झाल्यावर परदेशी व्यापाऱ्याला माल घेऊन निघायला ४० दिवस दिले. पुढच्याच वर्षी निम्म्या परदेशी ज्युरीचा हक्क व्यापाऱ्यांपुरता न राहता सगळ्या परक्यांना मिळाला. हा नियम १८७० पर्यंत इंग्रजी कायद्यात होता.

कागदावरचं संरक्षण रस्त्यावर मात्र नेहमी पुरलं नाही. जून १३८१ च्या उठावात लंडनच्या जमावाने व्हिंट्री भागातल्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्या सुमारे ३५ फ्लेमिश लोकांना बाहेर ओढून ठार केलं. १४५६-५७ मध्ये लंडनमध्ये इटालियन व्यापाऱ्यांच्या घरांवर हल्ले झाले. ज्यूंचा इतिहास याहून कठोर आहे. त्यांना राजाची मालमत्ता मानत, राजा हवी तेव्हा हवी तितकी पट्टी त्यांच्यावर लादे, आणि १२९० मध्ये, पट्ट्यांनी पार पिळून झाल्यावर, त्यांना देशाबाहेर काढलं गेलं. त्याच वर्षी पार्लमेंटने राजाला मोठा कर मंजूर केला.

या याद्या आज कशा वाचाव्यात

१४४० ते १४८७ च्या पट्ट्यांचे मूळ कागद लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ई १७९ या क्रमांकाखाली आहेत. त्यांतली नावं, संरक्षणपत्रं आणि सनदांसह, १३३० ते १५५० या काळातली ६४,००० हून अधिक नावं आता एका खुल्या ऑनलाइन संग्रहात शोधता येतात. परके केवळ बंदरांतच नव्हते हे त्यावरून पक्कं झालं. उत्तरेच्या खेड्यांत स्कॉट शेतमजूर आहेत, नैऋत्येला फ्रेंच आणि ब्रेटन, पूर्व किनाऱ्याला नेदरलँड्सचे कारागीर, आणि १४८४ मध्ये ब्रिस्टलच्या घरांत आइसलँडचे नोकर.

शोधताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकच माणूस दोन-तीन वर्षांच्या यादीत वेगवेगळ्या वर्णाक्षरांनी येतो, म्हणून नोंदी मोजल्या तर माणसं फुगतात. मूळ देशाचा रकाना अनेकदा कोराच असतो, तेव्हा केवळ आडनावावरून देश ठरवू नये. ‘फ्रेंच’ आडनावाचा माणूस कुठून आला हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो. आणि १४४० नंतरच्या दशकात नावं घटतात, त्याचा अर्थ परके देश सोडून गेले असा लावू नये. त्याच शहराच्या सनदा, मृत्युपत्रं आणि कोर्टाचे कागद शेजारी ठेवले, तर यादीतून गळलेला चांभार तिथे अजून जोडे शिवताना सापडण्याची शक्यता बरीच असते.